घायपाताचा खुराक

१ जानेवारी
सासऱ्यांनी नारळाची बाग वाटून दिली. झाडं मेहुण्याची, झाडांखालची जमीन माझी. दोन वर्षांत जो आपला भाग जास्त सुधारेल, त्याच्या हाती सगळी बाग. मेहुणा दुपारी झोपतो. निकाल लागल्यात जमा आहे.

६ जानेवारी
घायपात लावला. पानांतून धागा, धाग्यातून दोर, दोरातून बागेच्या मॅनेजरची खुर्ची. रोपं सावलीत जरा मरगळली आहेत. खत घातलं की सुधारतील. बायको म्हणाली, आधी कुणा जाणत्याला विचारा. त्यासाठी आरशासमोर उभं राहावं लागेल.

२० मार्च
पहिला डोस. पिशवीवर लिहिलंय तेवढं, वर आणखी तेवढंच. मेहुणा नारळाला टेकून बघत होता. म्हणाला, भाऊजी, किती राबता हो. जळतो माझ्यावर.

११ जुलै, सकाळी
पानं मोजली. होती तेवढीच आहेत, पण ताठ दिसतात. बायकोनं विचारलं, एवढं खत जातं कुठे. म्हटलं, मुरतंय. तिला शेतीतलं काही कळत नाही. डोस दुप्पट.

४ नोव्हेंबर
खत घालताना खांद्याशेजारी नारळ पडला. मग दुसरा. तिसऱ्याला पळालो. मेहुण्याला झाडं सांभाळता येत नाहीत, हे सासऱ्यांच्या कानावर घातलं. ते बराच वेळ वर बघत राहिले. बहुतेक पटलं.

१ जानेवारी
नवं वर्ष, नवा निश्चय. डोस तिप्पट. आणि चिडायचं नाही.

१७ जून
दोरवाल्याला बोलावून धागा दाखवला. त्यानं दोन बोटांत धरून ओढला. तुटला. म्हणाला, साहेब, याला बांधून ठेवायचं तर दुसरा दोर लागेल. जाताना मेहुण्याकडून गाडीभर काथ्या घेऊन गेला. चिडलो.

९ डिसेंबर
बायकोच्या हट्टापायी घायपाताशेजारी खड्डा खणला. हातभर खाली नारळाची मुळं. कोवळी, जाडजूड. जिथे जिथे माझं खत, तिथे तिथे गर्दी. घायपाताचं मूळ एका कडेला, अंग चोरून. फार वाईट वाटलं. खड्डा बुजवला. बायकोला सांगितलं, दगड लागला.

१ जानेवारी
निकाल. सासरे म्हणाले, एवढे नारळ या बागेनं जन्मात दिले नाहीत. बाग मेहुण्याकडे. गुपित विचारलं तर म्हणाला, काही नाही, झाडांना त्रास दिला नाही. मी खरं सांगायला तोंड उघडलं. पण मग घायपात उपाशी राहिला हेही सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं असतं. चहा प्यायलो.

तरी अगदीच रिकाम्या हातानं परतलो नाही. मेहुण्यानं बाजूला घेऊन नोकरी देऊ केली. काम एकच, नारळांना खत घालायचं. म्हणाला, भाऊजी, यात तुमचा हात कुणी धरणार नाही. उद्या सकाळपासून यायला सांगितलंय.