पत्नीने मदत केली नसल्याचा दाखला मिळणेबाबत

दि. १२ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत कार्यालय, भाटपाखाडी (चौलनजीक),
ता. अलिबाग, जि. रायगड.

विषय : आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ स्पर्धेत माझ्या पत्नीने मला मदत केली नसल्याचा दाखला तातडीने मिळणेबाबत.

संदर्भ : १) स्पर्धा समितीचा दि. ४ फेब्रुवारीचा ई-मेल. २) आपल्याशी दि. ९ रोजी झालेली समक्ष चर्चा.

महोदय,

१. शनिवार, दि. ११ ऑक्टोबर २०२५ रोजी भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाच वाजता स्पर्धा सुरू झाली. मी त्या वेळी मॉरिशसमध्ये एका मित्राच्या माडीवर एकटा होतो. हौशी रेडिओचा परवाना असलेल्यांनी चोवीस तासांत जगभरच्या जास्तीत जास्त परवानाधारकांशी बोलायचे आणि प्रत्येकाची नोंद ठेवायची, अशी ही स्पर्धा असते. भाटपाखाडीतून हाक मारली तर मला फारसे कोणी विचारत नाही. मॉरिशसमध्ये परवानाधारक मोजकेच, त्यामुळे तिथून मारली की जग रांग लावते. परदेशी जाण्याचे कारण एवढेच. त्यात कर्तृत्वापेक्षा भूगोल जास्त होता.

२. मी 'एकल' गटात होतो. या गटात दुसऱ्या कोणाचीही मदत चालत नाही. चोवीस तासांत माझे ८१२ संपर्क झाले आणि जानेवारीच्या तात्पुरत्या निकालात आफ्रिका विभागात माझा दुसरा क्रमांक आला. विभागात चार स्पर्धक होते. चौथ्याचा संच दुसऱ्याच तासाला जळाला.

३. मी एकतीस वर्षे एका दैनिकाचा वार्ताहर होतो. निवृत्तीनंतरही सवय सुटलेली नाही. निकाल कळताच मी स्वतःच स्वतःची बातमी लिहून स्थानिक पत्राला दिली. 'भाटपाखाडीच्या सुपुत्राचा जगात डंका' हा मथळाही माझाच. सुपुत्राचे वय एकसष्ट आहे, हे बातमीत आले नाही. शेवटी लिहिले, 'या यशात त्यांच्या पत्नी सौ. कोकिळा यांचा सिंहाचा वाटा आहे.' दहावीच्या गुणवंतापासून पतपेढीच्या अध्यक्षापर्यंत प्रत्येक सत्काराच्या बातमीचा शेवट मी याच वाक्याने केला आहे. बोटांनी ते आपोआप लिहिले.

४. त्यानंतर मी अभिमानाने ते कात्रण फोनवरच्या भाषांतरासह स्पर्धा समितीला पाठवले. ही चूक माझी एकट्याची असून तिच्यात कोणाचीही मदत नव्हती.

५. समितीने नम्रपणे विचारले आहे की, यशातील सर्वांत मोठा भाग पत्नीचा असल्यास उरलेला भाग कोणाचा? पत्नीने मदत केली नसल्याचे सरकारी कागदपत्र रविवार, दि. १५ च्या त्यांच्या मध्यरात्रीपर्यंत, म्हणजे आपल्या सोमवारी पहाटे साडेपाचपर्यंत, न मिळाल्यास मला 'एकाहून अधिक व्यक्ती' या गटात टाकले जाईल. तिथे माझा क्रमांक एकोणचाळिसावा येतो. शनिवारी कार्यालय बंद आहे व रविवारी महाशिवरात्र आहे. म्हणजे हातात उद्याचा दिवस आहे.

६. चर्चेत आपण सांगितले की, त्या दिवशी पत्नी गावातच होती एवढा दाखला देता येईल. मदत केली नाही हे मात्र तिने स्वतः लिहून द्यावे. त्याच संध्याकाळी मी कोरे स्वयंघोषणापत्र तिच्यापुढे ठेवले. वार्ताहर या नात्याने तिचे म्हणणे जसेच्या तसे देतो : "मी काही केलं नाही असं लिहून देऊ? बॅग कोणी भरली? बारा दिवस वाडी कोणी शिंपली? पंपाच्या खोलीची चावी तुमच्या खिशात, तुम्ही समुद्रापार. कुलूप फोडायला बुधाजीला कोणी बोलावलं? आणि फोन कोणी केला, ते लिहा की अर्जात!"

७. तो फोन नोंदवणे मला भाग आहे. स्पर्धेच्या दिवशी तिथल्या दुपारी बारा वाजता मी दोन डाळपुऱ्या खाल्ल्या आणि पाच मिनिटे टेकलो. एक वाजून दहा मिनिटांनी पत्नीने चावीसाठी फोन केला, तेव्हा मी घोरत होतो. झोपेआधी २९३ संपर्क झाले होते. उरलेले ५१९ त्या फोननंतरचे. मी आपोआप केव्हा उठलो असतो, याबद्दल पत्नीचा अंदाज "दुसऱ्या दिवशीच्या चहाला" असा आहे. चावीसाठी केलेला फोन ही मदत ठरते की तक्रार, हे नियमावलीत सापडले नाही. याबाबत आपले मत दाखल्यात एका ओळीत द्यावे.

८. अडचण आणखी एक आहे. एकतीस वर्षांत मी गावातल्या निम्म्या बायकांची नावे छापून आणली. हिचे नाव पहिल्यांदाच आले. तिने कात्रण लॅमिनेट करून देवघराशेजारी लावले आहे. ते वाक्य सवयीने लिहिले गेले, हे मी तिला सांगितलेले नाही. परिच्छेद तीन कार्यालयात मोठ्याने वाचला जाऊ नये, ही विशेष विनंती. दुसरा क्रमांक टिकवायचा तर ते वाक्य खोटे होते असे मला सरकारी शिक्क्यानिशी सिद्ध करावे लागेल; आणि बॅग, वाडी, बुधाजी, फोन हे सगळे मांडून पाहता, माझ्या आजवरच्या शेकडो सत्कारबातम्यांत बहुधा हे एकच वाक्य खरे निघाले आहे.

९. तरीही दाखला मिळावा, ही विनंती कायम आहे. क्रमांक दुसरा आहे, साहेब. पुन्हा येणार नाही.

तसदीबद्दल दिलगीर,

हरी दामोदर वर्तक
(निवृत्त वार्ताहर, परवानाधारक हौशी रेडिओचालक)

सोबत :
१) समितीच्या ई-मेलची प्रत, मराठी भाषांतरासह.
२) कात्रणाची छायांकित प्रत (मूळ कात्रण सौ.च्या ताब्यात).
३) स्पर्धेच्या दिवसाची संपर्कनोंद. झोपेची वेळ लाल शाईने दाखवली आहे.
४) पत्नीचे स्वयंघोषणापत्र, कोरे.

ता. क. : हा अर्ज देण्यासाठी आज सकाळी सव्वादहाला कार्यालयात आलो असता शिपाई सदू यांनी सांगितले की, सौ. कोकिळा हरी वर्तक यांचा अर्ज दहा वाजताच आवक नोंदवहीत चढला आहे. विषय सांगण्यास त्यांनी नकार दिला. सोबत मूळ कात्रण जोडले आहे, एवढेच कळले. घरी जाऊन पाहिले. देवघराशेजारची जागा रिकामी आहे आणि पंपाच्या खोलीच्या नव्या कुलुपाची चावी खिळ्याला लावलेली आहे. कोरे स्वयंघोषणापत्र टेबलावर नाही. म्हणून वरील अनुक्रमांक ४ तूर्त जोडता आलेला नाही.