नकाशात मधोमध घर

१० फेब्रुवारी, मंगळवार
नर्सबाई बोलल्या, छातीत धडधडतं तेव्हा लिहीत जा, बरं वाटतं. मला काय धडधडत नाय. वही पडून होती म्हणून लिहिते.

बाबूचं जावळ राहिलंय. वर्षाच्या आत व्हायला पाहिजे, नायतर मग तिसऱ्या वर्षी. मामाच्या मांडीवर बसवून काढतात. मामा म्हणजे माझा भाऊ जितेश. तो माहेरी, विक्रमगडच्या पुढे, आत डोंगरात. आई पडली तेव्हापासून खाटेवर आहे. तिने बाबूला अजून बघितला नाय. बाळंतपण इकडे विरारलाच झालं, मग पाऊस, मग बाबूला सर्दी, मग मला बरं नव्हतं. आता जायचं. २२ तारखेला, रविवारी. ठरलं.

रस्त्याचं मला टेन्शन नाय. बाबू पोटात असताना घाटात जीप कलंडली, ती नुसती कलंडली होती. सगळे चालत बाहेर आलो. मी ते विसरले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार, दुपार
बाबूच्या पप्पांनी जुना टॅब आणला. ते कुरिअरचा टेम्पो चालवतात, कंपनीने सगळ्यांना नवीन दिले, जुने वाटून टाकले. सिम नाय. बोलले, "तिकडे रेंज नसते, पण याला रेंज लागतच नाय. आधी नकाशा डाउनलोड करून ठेवायचा. निळा टिपका म्हणजे आपण." मोठ्या रस्त्यावर पुलाचं काम चाललंय, जितेश बोलला जंगलातल्या आतल्या रस्त्याने या. त्या रस्त्याने आमच्यातलं कोण गेलेलं नाय. नेहमीच्या रस्त्याने पण मी डोळे मिटूनच जायचे, उलटी होते म्हणून.

गाडी पप्पा चालवणार, टॅब मी धरणार. सासूबाई बोलल्या, "ही धरणार? हिला नालासोपाऱ्याच्या मार्केटमधून बाहेर यायचा रस्ता सापडत नाय." टॅबला हळदकुंकू लावलं. कुंकू कॅमेऱ्यात गेलं.

१५ फेब्रुवारी, रविवार
शिकले. काय कठीण नाय. विरारचा नकाशा कंपनीने आधीच टाकलेला होता. टिपका किचनमध्ये. चंदनसार नाक्यापर्यंत जाऊन आले तर टिपका पण आला, मांजर मागे येते तसा. शेजारची रोझलीन भेटली. तिचं माहेर बोळिंजला, चालत जाऊन येते. बोलली, "काय गो, दूध आणायला पण नकाशा लागतो तुला?" म्हटलं, सराव चाललाय. बोलली, "सराव करायचा तर हायवेच्या पलीकडे जा ना, दूधवाल्याकडे काय सराव!"
उद्या पलीकडे जाणार.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
पलीकडे नाय गेले. ऊन होतं. बाबूला लागलं असतं.

रोझलीनचं वायफाय घेऊन नकाशा डाउनलोड केला. एक चौकोनी बॉक्स येतो. बॉक्समध्ये जेवढं बसेल तेवढंच टॅबमध्ये येतं. दोन बोटांनी मोठा केला की टॅब बोलतो, जागा नाय. सगळी जागा बाबूच्या गाण्यांनी खाल्लीय, आणि गाण्याशिवाय बाबू घास घेत नाय. म्हणून बॉक्स थोडा छोटा केला. घर बरोबर मधोमध ठेवलं. घर मधोमध असलं की बरं वाटतं. माहेर कडेला कुठेतरी येत असेल. हिरवी टिक आली. झालं.

जितेशचा फोन. तो टेकडीवर चढतो तेव्हा लागतो. बोलला, "ताये, आई रोज इचारते, पोरगं कोनावर गेलंय?" म्हटलं, रविवारी बघेल ना स्वतःच. फोन ठेवला. काय वाटलं नाय. भात करपला.

२१ फेब्रुवारी, शनिवार
तयारी झाली. बाबूची टोपी, लंगोट, गरम पाणी. आईला वसईची सुकेळी घेतली, सुकवलेली केळी, चघळता येतात. जितेश फाट्यावर उभा राहणार आहे. बाबूच्या पप्पांनी विचारलं, "नकाशा बघितलास ना नीट, तुमच्या पाड्यापर्यंत?" म्हटलं, तुम्ही नुसतं स्टेअरिंग बघा.

झोप चांगली लागली. मधेमधे उठून टिपका बघितला. किचनमध्येच होता.

२२ फेब्रुवारी, रविवार, सकाळ, गाडीत
पप्पांच्या मित्राची इको गाडी आणली. मनोरला हायवे सोडला. टिपका पळतोय. मी सरळ बोलले की गाडी सरळ जाते. पप्पा बोलले, "वा मॅडम!" रोझलीनने बघायला पाहिजे होतं.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने
विक्रमगड गेलं. डांबर संपलं. नकाशा पण संपला. टिपका आहे, त्याच्याखाली नुसतं पांढरं. पप्पांना सांगितलं नाय. गाडी चालवणाऱ्याला टेन्शन देऊ नये. एका बाजूला दरी आहे. मी टॅबकडे बघतेय.

त्याच दिवशी, घरी
सगळं नीट लिहून ठेवते, नायतर सासूबाई भलतंच सांगत फिरतील.

जिथे दोन रस्ते फुटायचे तिथे मी बरोबर सांगत होते. एका बाजूला पांढरं, एका बाजूला रंग. जिकडे रंग तिकडे रस्ता. साधी गोष्ट आहे. पप्पा बोलले, "कोणाला तरी विचारूया का?" म्हटलं, लोकांना टॅबपेक्षा जास्त कळतं काय? मधे बाबू रडला म्हणून गाणं लावून दिलं. गाणं चालू असताना नकाशा दिसत नाय. तेवढा वेळ मनाने सांगितलं, डावीकडे, डावीकडे.

गाणं संपलं आणि बघते तर रंगच रंग. रस्त्यांची नावंसुद्धा. माझे हात गार होते ते गरम झाले. म्हटलं, आलंच बघा.

समोर ट्रकच ट्रक. पप्पांनी गाडी बाजूला घेतली. बराच वेळ स्टेअरिंगवर डोकं ठेवून बसले. मग बोलले, "विनया, हे मनोर आहे."
म्हटलं, हो, नकाशात पण तेच लिहिलंय.

ते बोलले, परत वळूया, अजून उजेड आहे. मी बोलले, बाबूचं अंग गरम लागतंय. मग घरी आलो. सासूबाईंनी हात लावून बघितला. "पोरगं माठासारखं गार आहे," बोलल्या.

टॅबने चुकवलं नाय. घरी बरोबर आणलं.

२५ फेब्रुवारी, बुधवार
जितेश आला. एसटीने, विचारत विचारत. रविवारी दिवस मावळेपर्यंत फाट्यावर उभा होता. मला बोलला नाय, बाबूच्या पप्पांना बोलला.

जावळ नाक्यावरच्या सलूनमध्ये झालं. बाबू मामाच्या मांडीवर, बाबूच्या हातात टॅब, टॅबवर गाणं. सलूनवाला बोलला, "पहिल्यांदा बघतोय, पोरगं रडलं नाय." मी पण नाय रडले. जितेशने केस रुमालात बांधून घेतले, आईला दाखवायला. सुकेळी दिली त्याच्याकडे.

निघताना बोलला, "ताये, बाबूला घे नि चल आत्ताच. मी हाये ना एसटीत. खिडकीकडं मी बसतो, तू बघू पन नको." म्हटलं, तसं नाय रे, बॉक्स मोठा करायचा राहिलाय. तो केला की लगेच.
तो बोलला, "कसला बॉक्स?"
त्याला काय समजणार.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
जितेशचा फोन. टेकडीवरून, वारा ऐकू येत होता. केस आईच्या हातात दिले. तिने वास घेतला, बोटाने चाचपले, उशीखाली ठेवले. मग बोलली, "केस आले. डोकं कधी येनार?"
जितेश हसला. मी पण हसले.

गाणी काढून टाकायला टॅब घेतला. बाबू जेवत होता. म्हटलं, जेवू दे आधी. जेवला, मग झोपला.

टिपका बघितला. किचनमध्ये आहे.