राहुकाळातला सौदा

मंगळवार संध्याकाळ, बनशंकरी

सव्वातीनला काय नडलं होतं मला?

तीन वर्षं आम्ही बहीण-भाऊ मिळून डॉलरचे सौदे करतोय. या वेळी डॉलर ठरलेल्या भावाला उतरल्याशिवाय घ्यायचा नाही, असं आमचं ठरलं होतं. अकरा दिवस थांबलो. आज तीनला राहुकाळ लागला, तशी अक्का दर मंगळवारसारखी देवळात लिंबाच्या सालीतला दिवा लावायला निघाली, नेहमीचंच बजावून. "साडेचारपर्यंत काही करू नको हं. स्वल्प दम धर." मी हसलो. वर अंधश्रद्धाही म्हणालो.

आणि सव्वातीनला फोनवर बोट दाबून घेतलाच. भाव जवळपास आला होता, एवढंच. खरं तर नुसतं बसवत नव्हतं. मग तो आणखी उतरला आणि मी घाबरून तोट्यात विकून टाकला. पाचला वीस मिनिटं असताना आमचा भाव आला आणि तिथूनच डॉलर उसळला. खात्यात काही उरलं नव्हतं. बघत बसलो.

अक्का आल्यावर सगळं सांगितलं. म्हटलं, "तुझा राहू खरा ठरला."

पदराला हात पुसत ती म्हणाली, "राहूला कोण भितं रे? मला भीती तुझ्या बोटाची. तेवढा दीड तास तरी ते गप्प राहावं, म्हणून राहूचं नाव." आणि आत गेली.

तीन वर्षं ती माझं बोट धरून होती. मी हसत होतो.