वाटीवरचे दोन टोले

प्रिय ताई,

वाटीच्या काठावर चमच्याचे दोन टोले, टिंग टिंग. तीस वर्षांनी तो आवाज आज कानात आला. आंधळ्या आईला भरवताना तू प्रत्येक घासाआधी तो करायचीस आणि मी खेकसायचो, "वाटी काय बडवतेस!" त्यावरून एकदा मोठं भांडण झालं आणि आपलं बोलणंच खुंटलं.

आता तुझ्या भावजयीची नजर गेली आहे. दोन दिवस ती तोंड उघडत नव्हती. आज खाल्लं नाही तर नाकातून नळी घालू, असं डॉक्टर म्हणाले. मी शाळेतल्या कविता म्हणून पाहिल्या. मिटल्या ओठांनी हसली, एवढंच. शेवटी वाटी वाजवली आणि तिनं तोंड उघडलं! न दिसणाऱ्याच्या ओठांवर घास अचानक आदळतो, हे तुला कसं गं कळलं? आईनं सांगितलं, की तू स्वतः डोळे मिटून पाहिलंस?

दार वाजलं म्हणून मध्येच उठलो. बघतो तर दारात तू, पिशवी घेऊन!

"काय कविराज, शेजाऱ्यांनी कळवलं मला. रागवा नंतर. आधी सांगा, जेवली का ती?"

तू हात धुते आहेस, तोवर हे पत्र घडी करून ठेवतो. विचारायचं ते आता समोरच विचारीन.

तुझा धाकटा,
कविराज