आत्याचा मान आणि माझी बॅटरी

लापाहा,
सोमवार, दुपार

तीर्थरूप लेसिएली आत्या,

आपल्या पावलांच्याही खालच्या पातळीवर मस्तक ठेवून भाचा इनोके याचा नमस्कार. (या आसनामुळे अक्षर किंचित तिरके आले आहे, एरवी माझे अक्षर कसे असते ते आपण जाणताच.) ऑकलंडच्या थंडीने आपला डावा गुडघा पुन्हा धरला असे ऐकले. डॉक्टरांच्या गोळ्या अवश्य घ्याव्यात, परंतु आपण फरशीवर अनवाणी फिरता हे त्यांना सांगितले आहे काय? अर्धी माहिती दिल्यावर पूर्ण गुण येत नाही, हे मी तीस वर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो.

इकडे सर्व कुशल आहे. निदान जे कुशल नाही त्याची तक्रार करण्यासाठी हे पत्र नाही. भाच्याने आत्याकडे तक्रार करावी, आणि तीही आत्याच्या चिरंजीवांविषयी, इतका मी अजून बिघडलेलो नाही. मी केवळ घटनाक्रम नोंदवून ठेवत आहे. त्यातून कोणाला काही अर्थ निघताना दिसला तर तो घटनांचा दोष समजावा.

काल राजधानीत गायनाची वार्षिक स्पर्धा होती. अकरा वर्षे मी आमच्या चर्चच्या गायकवृंदाचे संचालन करीत आहे आणि अकरा वर्षे आम्ही दुसरे येत आहोत. यंदा मात्र पहिला क्रमांक सोडायचा नाही, असा निश्चय करून मी फेब्रुवारीपासून तालमी घेतल्या. केवळ शेवटच्या ‘आमेन’वर तीन आठवडे घालवले. (दोन सोप्रानो रडल्या, पण सुरात रडल्या, यावरून तालमीचा दर्जा ध्यानी यावा.) वृंद पहाटेच ट्रकने रवाना झाला. मी नेहमीप्रमाणे मागाहून माझ्या मोटारीने निघणार होतो, कारण ट्रकच्या फळीवर बसल्याने मानाची म्हणून कपड्यांवरून कमरेला गुंडाळलेली चटई चुरगळते, आणि आजोबांची ती चटई चुरगळायला मी काही कालचा पोर नव्हे. गायन साडेदहाला. मी नऊ वाजता किल्ली फिरवली.

‘कट्’ असा आवाज आला. स्वर कोमल निषाद, तोही थोडा उतरलेला. पुन्हा फिरवली, पुन्हा तोच निषाद. अवघ्या तीन महिन्यांपूर्वी घेतलेली नवीकोरी बॅटरी! रविवारी बस नाही, टॅक्सी नाही, दुकान उघडे नाही. बॉनेट उघडले तेव्हा बॅटरी नेहमीपेक्षा मळकट वाटली खरी, परंतु तो दोष मी रस्त्यावरच्या प्रवाळाच्या धुळीला दिला.

शेजारच्या सामिउकडे ट्रॅक्टर आहे आणि जंपर केबलही आहे. मात्र गतवर्षी एका रविवारी त्याने कुंपणावर हातोडी चालवली, तेव्हा पवित्र वार मोडल्याबद्दल मीच त्याचे नाव मंडळीच्या सभेत वाचले होते. (दोन वेळा. पहिल्यांदा मागच्या बाकांना ऐकू गेले नाही.) त्यामुळे तो ट्रॅक्टर घेऊन आला तो मोठ्या प्रसन्न चेहऱ्याने.

“मास्तर, एक शंका आहे,” तो सीटवरूनच म्हणाला. “वायरी जोडणं हे काम म्हणायचं की भक्ती?”

“भक्तीकडे नेणारी कृती,” मी म्हणालो.

“मग कुंपणातून डुकरं चर्चात शिरू नयेत म्हणून मी ठोकत होतो, ती कुठली कृती?”

“सामिउ, साडेनऊ वाजत आले.”

“नाही, माझं नाव पुन्हा वाचलं गेलं तर बायको घरात घेणार नाही. असं करू. काम तुम्ही करा. मी रविवार पाळतो.” आणि तो खरोखरच ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून, हात जोडून उभा राहिला.

तेव्हा आत्या, पांढराशुभ्र सदरा आणि आजोबांची चटई अशा वेषात आपला भाचा मोटारीचे माहितीपुस्तक हाती घेऊन बॉनेटखाली वाकला. लाल वायर धन टोकाला, काळीचे दुसरे टोक न रंगवलेल्या धातूला, अशी प्रत्येक पायरी मी वाचून, तिचा अर्थ लावून, मगच केली. पान सत्तेचाळीसवरील आकृतीत बाण उलट छापला आहे, हेही त्या गडबडीत माझ्या नजरेतून सुटले नाही. ट्रॅक्टर धडधडत होता. मी किल्ली फिरवली.

कट्.

“तुम्ही डॉक्टर ना?” सामिउ म्हणाला. “नाडी तरी बघा.”

माझी डॉक्टरेट संगीतातील आहे, हे त्याला उत्तम ठाऊक आहे. दहा मिनिटे थांबून पुन्हा प्रयत्न केला, टोके घासली, पुन्हा केला. वायरी गरम झाल्या, मी त्याहून गरम झालो, मोटार तेवढी थंड. शेवटी सामिउने रविवार क्षणभर बाजूला ठेवून आत डोकावले.

“उतरलेली बॅटरी उठते, मास्तर. ही मेली आहे. मेलेलं उठल्याचा दाखला एकच आहे, आणि तो बॅटरीचा नाही.” मग तो आणखी खाली वाकला आणि त्याचा चेहरा उजळला. “अहो, पण हिला मी ओळखतो! पेनिसिमानीच्या डुकरांच्या कोंडवाड्याचं दार दोन वर्षं हिच्याच टेकूवर उभं होतं. हे दात बघा कडेला. ती काळी डुकरीण!”

दात होते. मी चष्मा पुसून पाहिले, तरी होते.

पेनिसिमानी म्हणजे आपले चिरंजीव, माझे आतेभाऊ, अर्थात आपल्या रीतीप्रमाणे मामाच्या घरातले काहीही उचलून नेण्याचा हक्क असलेले. शनिवारी ते आमच्याकडे जेवायला आले होते. नारळाच्या दुधातली मासळी तीनदा घेतली, माझ्या ‘आमेन’चे कौतुक केले. (संगीतातले त्यांना काही कळत नाही, तरी कौतुक योग्य ठिकाणी केले.) निरोप घेताना त्यांनी, “भावड्या, एखादी वस्तू लागली तर नेऊ ना?” असे विचारले, आणि मी उभा राहून, छातीवर हात ठेवून, “या छपराखाली जे जे आहे ते माझ्या आत्याच्या लेकराचे आहे,” असे एक नीट बांधलेले वाक्य बोललो होतो. वाक्य चांगले साधले म्हणून मी ते दोनदा बोललो आणि वामकुक्षीला गेलो.

मी सिसिलियाला हाक मारली. माझी पत्नी भट्टीतल्या तापल्या दगडांवर पाने पसरत होती.

“पेनिसिमानीने बॅटरी बदलली, हे तुला ठाऊक होते?”

“हो की. मीच पाना काढून दिला.”

“थांबवले का नाहीस?”

“तुमच्या आत्याच्या मुलाला? मी?” ती म्हणाली. “आणि तुम्ही तेव्हा नुकतंच तर केवढं भाषण केलं होतंत. मला वाटलं, बॅटरीचंच चाललंय.”

सामिउने सुचवले की ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसा, साडेदहाच्या आत सोडतो. विचार करा आत्या! वृंदाचा संचालक, हाती स्वरलिपीच्या वह्या, चाकावर बसून अकरा गावांतून धडधडत जाणार, आणि प्रत्येक ओसरीवरून हात हलवले जाणार. मी नम्रपणे नकार दिला. (त्या ट्रॅक्टरने मी वेळेत पोहोचलो असतो, हे सिसिलियाने कालपासून सहा वेळा सांगितले आहे. गणित तिचे बरोबर आहे. मुद्दा गणिताचा नव्हता.)

दहाला ट्रक आला. चालवीत होते आपले चिरंजीव. पहाटे माझा वृंद पोहोचवून ते दुसऱ्या खेपेला, नातलग आणि भाजलेली डुकरे न्यायला, परतले होते.

“इनोके! अजून इथंच? बस, बस! बघ कशी एका हाकेत सुरू होते!”

“दिसते आहे,” मी म्हणालो.

“माझी पार गेली होती रे. म्हटलं, भावड्याचा वृंद पहाटे पायी जाणार की काय? तुझ्यासाठीच तर नेली!”

माझीच बॅटरी माझा वृंद घेऊन माझ्याशिवाय गेली होती, आणि तीही माझ्याच भल्यासाठी. पुढे जागा नव्हती. मी मागे, चुलतमावशी आणि एक भाजके डुक्कर यांच्या मध्ये बसलो. आपले चिरंजीव वाटेत दिसेल त्या प्रत्येक माणसापाशी थांबून त्याची आणि त्याच्या घरच्यांची विचारपूस करतात. हे संस्कार आपलेच, त्याबद्दल अभिनंदन.

दाराशी पोहोचलो तेव्हा आत ‘आमेन’ सुरू झाले होते. माझ्या जागी लिसिआते उभा होता. पाव भाजणारा लिसिआते, ज्याला आकड्यांतली स्वरलिपीही धड वाचता येत नाही! डोळे मिटून तो नुसते हात वर उचलत होता, जणू कणीक फुगते आहे. ‘आमेन’ त्यांनी दुप्पट ताणले. शेवटी स्वर पाव श्रुतीने उतरला. हे तिन्ही परीक्षकांपैकी एकाच्याही कानी आले नाही, यावरून आपल्याकडील शिक्षणाची दशा कळते.

आम्ही पहिले आलो. निकाल वाचताना परीक्षक म्हणाले, “यंदा लापाहाचा वृंद प्रथमच मोकळेपणाने गायला.” सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, तालात.

असो. मला आपल्याकडून काहीही नको. आपल्या रक्ताचा माझ्या घरावर जो हक्क आहे, तो मला मान्य आहे, प्रिय आहे, आणि सध्या पेनिसिमानीच्या ट्रकमध्ये बसवलेला आहे. गुडघा जपावा, ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
इनोके

ता. क. : मोटारीवाचून माझे अडते, म्हणून आज सकाळी पलीकडच्या गावी मामांकडे गेलो. मी त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. त्यामुळे कारण सांगण्याची गरज पडली नाही. त्यांच्या मोटारीतली बॅटरी काढली, आणि मागे रिकामी जागा वाईट दिसते म्हणून आमच्याकडची तिथे नीट बसवून आलो. मामांनी स्वतः बॉनेट धरले. त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव मात्र मला रुचला नाही. वडीलधाऱ्यांनी परंपरा हसतमुखाने पाळावी. नाहीतर नव्या पिढीने कोणाकडे पाहावे?

ता. क. दोन : सामिउ आत्ताच सांगून गेला की मामा पायी पोस्टात आले होते, आणि त्यांच्या हाती ऑकलंडला पाठवायचा, माझ्या आईच्या नावाचा जाड लिफाफा होता. त्यांची बहीण, म्हणजे माझी आई, आपल्याच घरी राहते, आणि टपाल आपण घेता. आपल्या भावाच्या घरातील कोणतीही वस्तू आपण न विचारता उचलावी, हा आपला जन्मसिद्ध अधिकार आहे. भावाच्या बायकोला आलेले पत्रही त्यात मोडते, असे माझे अभ्यासपूर्ण मत आहे. कृपया ते, आईने चष्मा शोधण्यापूर्वी, उचलावे.