वगळलेले वाऱ्याचे दिवस

मासालोन, १४ जुलै १९९७

चि. एलोय यास मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचे गुडघे आता बरे असतील. इथे झाडावरच्या एकेका पीचला कागदी पिशवी घालून झाली. माझी कंबर धरली आहे, पण तक्रार ती नाही. पाणी वापर संस्थेने यंदा आमच्या टेकडीच्या पाळ्या कमी केल्या. अध्यक्ष सातुर्निनोला जाब विचारला, तर म्हणतो, मला काय बोलता बाई, तुमच्याच भाच्याचं सूत्र सारागोसाहून आलंय. दिवसाचं कमाल आणि रात्रीचं किमान तापमान घातलं की झाड किती पाणी पितं ते कळतं म्हणे. चार माणसांत मला मान खाली घालायला लावलीस. ऑगस्टात पाणी मिळालं नाही, तर पिशव्यांतून पीच नाही, अक्रोड निघतील. आमच्या झाडांनी तुझं काय घोडं मारलंय ते उलट टपाली कळव.

रागावलेली, तरी तुझीच,
एन्ग्रासिया मावशी

सारागोसा, २३ जुलै १९९७

ती. एन्ग्रासिया मावशीस सा. न. वि. वि.

आई बरी आहे. काठी आता फक्त शेजारणींना धमकावायला वापरते. सूत्र माझं नाही, अमेरिकेतलं आहे. मी त्यातला आकडा इथल्या हवेला जुळवला. गवताचा वाफा मोठ्या काट्यावर ठेवतो, वजन घटेल तेवढं पाणी उडालं असं धरतो आणि सूत्राच्या उत्तराशी ताडून पाहतो. सूत्र जरा जास्तच पाणी सांगत होतं, म्हणून आकडा उतरवला. काम अगदी चोख आहे. आपला सिएर्सो वारा सुटला की काटा थरथरतो आणि नोंदी बिघडतात, म्हणून वाऱ्याचे सगळे दिवस आधीच वगळले. इतक्या स्वच्छ नोंदी आमच्या संशोधन केंद्राच्या साहेबांनी पाहिल्या नव्हत्या. तेव्हा निर्धास्त राहा. पीचची पेटी नेहमीसारखी धाडशील ना?

मायेत कपात नसावी, ही विनंती.
एलोय

मासालोन, २९ जुलै १९९७

चि. एलोय यास आशीर्वाद. या खेपेस एकच.

वारा वगळलास! अरे, सिएर्सो काय दारात आलेला विक्रेता आहे, घरात कुणी नाही म्हणून परत पाठवायला? तो सुटला की चादर वाळत घालून मागे वळेपर्यंत कडक होते. झाडं सगळ्यात जास्त पितात ती त्याच दिवसांत, आणि नेमके तेच दिवस तू केरात टाकलेस. का, तर काटा थरथरतो! मठाच्या शाळेत भागाकारातली बाकी गुपचूप खोडणाऱ्या मुलीला मदर एन्कार्नासिओन अंगणात उभं करायची. तुमच्याकडे साहेब पाठ थोपटतात.

काल हे सगळं सातुर्निनोला सांगितलं. तो म्हणाला, कागदावर वारा नाही, म्हणजे माझ्या लेखीही नाही. आकडा बदलून आणा, पाळी देतो. दक्षिणेकडच्या ओळींची पानं दुपारची गुंडाळायला लागली आहेत. आता माझी बाग तुझ्या हातात आहे, देव तिचं रक्षण करो. पेटीचं नंतर बघू.

एन्ग्रासिया मावशी

सारागोसा, १९ ऑगस्ट १९९७

ती. मावशीस सा. न. वि. वि.

वाऱ्याचे दिवस परत हिशेबात घेतले. थरथर बाजूला काढून वजन धरता येतं, पण ते फार कंटाळवाणं काम आहे. तुमच्या टेकडीसाठी आकडा पुन्हा अमेरिकेतल्या मूळ जागी जाऊन बसला. दोन वर्षं राबून मी एवढंच सिद्ध केलं, की तिथे काही करायलाच नको होतं. खालच्या दरीत वारा लागत नाही, तिथे माझा कमी आकडा खरा आहे, तेवढंच समाधान. साहेब म्हणाले, वाऱ्याचा इतका कळवळा असेल तर काटा घेऊन तिथेच जा. हिवाळाभर माझी बदली मासालोनला झाली आहे. संस्थेला पत्र गेलंय, या आठवड्यात तुमची पाळी सुटेल. गावात भाड्याने एखादी खोली मिळेल का?

राग उतरला असेल या आशेवर,
एलोय

मासालोन, ५ ऑक्टोबर १९९७

चि. एलोय यास अनेक आशीर्वाद.

पाणी आलं. दक्षिणेच्या ओळींना उशीर झाला. तिथली फळं रसाच्या कारखान्याला गेली. बाकीच्या झाडांच्या पिशव्या मात्र जीव मुठीत धरून फाडल्या, तर आत पिवळीधमक, एका हातात न मावणारी फळं. वाऱ्याची शंका पहिल्यांदा आपल्यालाच आली होती, असं सातुर्निनो गावभर सांगत फिरतो.

मी जिवंत असताना भाड्याची खोली शोधतोस? वायव्येकडची खोली झाडून ठेवली आहे. सिएर्सो त्याच बाजूने येतो. खिडकीची झडप सैल झाली आहे. सुतार आला होता दुरुस्त करायला. त्याला परत पाठवला.

वाट पाहणारी,
एन्ग्रासिया मावशी