डिस्कच्या हद्दी

॥ मोरया ॥
काळेवाडी, मंगळवार, १९ जानेवारी १९८२

ती. सौ. सुहासिनीवहिनी,

तुम्हाला आणि दादांना वाकून नमस्कार. एसटीचं पार्सल पोचलं: तिळगुळाचा डबा एक, बाजरीचं पीठ दोन किलो, वालाची डाळ (पिशवी उसवली होती, पण मापात भरली). हमाल सव्वा रुपया घेऊन गेला. बारा आण्यांचंही काम नव्हतं. दादांचा खोकला कसा आहे? इकडे प्रकृती ठीक, पण घरात सुतक असल्यासारखं वाटतं.

त्याचं कारण यांच्या कंपनीतली कॉम्प्युटरची डिस्क. पिठाच्या गिरणीएवढं धूड. ती इतकी मोठी की युनिक्स म्हणून जी व्यवस्था त्यावर चालते तिला एकसंध पेलवतच नाही (मग घेतली कशाला, असं मी विचारलं). म्हणून तिचे सहा भाग पाडतात, भावाभावांत शेत वाटावं तसे. पगारपत्रकं एकात, स्टोअर्सचा साठा एकात. कुठला भाग कुठून कुठवर, ते आकडे यांनी कागदावर उतरवून घरी जपून ठेवले होते. परवा व्यवस्था नव्याने घालायची वेळ आली तर कागद गायब. यांनी हद्दी आठवणीने घातल्या आणि सहावा भाग रिकामा म्हणून फॉरमॅट केला, म्हणजे आतलं सगळं पुसून सारवून घेतलं. हद्द सरकलेली होती. सारवण स्टोअर्सच्या साठ्यावर गेलं! टेपवरची नक्कल वाचता येत नाही. बाकीचं आत शाबूत आहे म्हणे, पण खरे आकडे मिळेपर्यंत हात लावायची सोय नाही.

साहेब लक्ष्मणराव सगळ्यांदेखत म्हणाले, "सदाशिवराव, शेताच्या बांधालासुद्धा दगड पुरतात हो!" सोमवारपर्यंत कागद आणा, नाहीतर राजीनामा.

तेव्हापासून हे अर्ध्या भाकरीवर उठतात. गादीखाली, पोथीत, तांदळाच्या डब्यात शोधतात. मीही शोधते. वस्तू जागच्या जागी ठेवायची सवय नाही, असं दोनदा सुनावलंसुद्धा. हे मान खाली घालून "खरं आहे" म्हणाले.

तुमची,
मृदुला

ता. क. दिवाळीत मी पाठवलेल्या लिंबाच्या लोणच्याच्या बरणीला गुंडाळलेला हिरव्या पट्ट्यांचा रुंद कागद जाड आहे म्हणून फडताळात अंथरल्याचं तुम्ही लिहिलं होतंत. तो काढून पाठवा. मागे यांच्या अक्षरात सहा ओळी आकडे असतील. तेलाचे डाग चालतील, पुसू मात्र नका.

पुन्हा ता. क. पाकिटावर माझं नाव घाला. मोरयापुढे सगळं कबूल करून झालं आहे, यांच्यापुढे राहिलं आहे. कागद झुरळांनी खाल्ला असला तरी उलट टपाली कळवा, म्हणजे रोज यांच्याबरोबर शोधायचं तरी मी थांबवीन.